नैराश्याचा उपचार घरच्यांच्या होकारासाठी थांबवू नका

ट्रान्सजेंडर व्यक्ती आणि त्यांचे आईवडील यांच्या पत्रांत एकच घोळ पुन्हा पुन्हा दिसतो. लिंगओळख, म्हणजे आपण स्त्री की पुरुष ही मनातली जाणीव, आणि नैराश्य या दोन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या जातात. घरचे म्हणतात, 'ते खूळ गेलं की उदासी जाईल.' ती व्यक्ती म्हणते, 'घरच्यांनी समजून घेतलं की बरं वाटेल.' दोघंही वाट बघत बसतात आणि आजार वाढत जातो. या वेळी त्याच प्रश्नांना उत्तरं देते आहे.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ 20 वर्षांचा आहे. आपण मुलगी आहोत असं त्याने फक्त मला सांगितलं आहे. परवा म्हणाला, 'मी नसलेलंच बरं.' आईबाबांना सांगू का, की थोडं थांबू? (अहिल्यानगर)

थांबू नका. म्हणूनच हा प्रश्न आधी घेतला. आजच शेजारी बसा आणि सरळ विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का? कसा, कधी, असं काही ठरवलंय का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही ऐकीव गोष्ट आहे, ती सोडून द्या. उलट कुणीतरी विचारलं यानेच माणूस बोलता होतो. उत्तर 'हो' आलं तर एकटं ठेवू नका, रात्री त्याच खोलीत झोपा. शेतीची औषधं आणि घरातल्या गोळ्यांचा साठा घराबाहेर, विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. काही ठरवलेलं असेल किंवा आधी प्रयत्न झालेला असेल, तर सकाळची ओपीडी उघडायची वाट न बघता जिल्हा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या. तातडीला 112 आहेच. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो.

पोलीस केसच्या धास्तीने लोक घरातच झाकून ठेवतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये आला. त्याच्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं, म्हणून सहसा तिच्यावर खटला चालत नाही. आईबाबांना 'जिवाला धोका आहे, डॉक्टरकडे जायचंय' एवढं नक्की सांगा. बाकीचं गुपित तुमच्या भावंडाचं, म्हणजे तिचं आहे, तिचं तिला सांगू द्या.

प्रश्न : ट्रान्सजेंडर असणं हाच मानसिक आजार आहे ना?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं अकरावं आजार-वर्गीकरण 1 जानेवारी 2022 पासून लागू झालं, त्यात ही नोंद मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढलेली आहे.

प्रश्न : मी ट्रान्स स्त्री (जन्मतः मुलगा समजलं गेलेली), वय 24. डॉक्टरांनी सर्ट्रालीन हे नैराश्याचं औषध 50 मिलीग्रॅम दिलं. दहा दिवस झाले, फरक शून्य, वर मळमळ. सवय लागेल असं मैत्रिणी म्हणतात. बंद करू?

बंद करू नका. या गटातली औषधं पहिल्या दिवशी पोटाला आणि दोन ते चार आठवड्यांनी मनाला कळतात. पूर्ण परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. आधी झोप आणि भूक सुधारते, मूड मागून येतो. गोळी नाश्त्यानंतर घ्या, मळमळ बहुधा आठ-पंधरा दिवसांत ओसरते. दारूसारखी सवय यांनी लागत नाही. पण एकदम तोडली तर चक्कर, चिडचिड, अंगात करंट गेल्यासारखं वाटणं असा त्रास होतो, म्हणून डोस हळूहळू उतरवावा लागतो. बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात. 'बरी झाले म्हणून सोडली' हे आजार उलटण्याचं एक नेहमीचं कारण आहे.

तुमचं वय 25 च्या आत आहे, म्हणून एक सांगून ठेवते. पहिल्या काही आठवड्यांत बेचैनी एकदम वाढली, झोप उडाली किंवा मरणाचे विचार जास्त यायला लागले, तर पुढच्या तारखेपर्यंत न थांबता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. आणि अंगदुखीला सारख्या आयब्युप्रोफेन-डायक्लोफेनॅकच्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगा. सर्ट्रालीनसारख्या औषधांबरोबर त्या घेतल्या तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

प्रश्न : मुलगा 22 वर्षांचा. लपून साडी नेसतो, 'मी बाईच आहे' म्हणतो. तीन महिने धड जेवत नाही, कॉलेज सुटलं, दिवसभर अंथरुणात असतो. देवऋषी झाला. एका डॉक्टरांनी पुरुषत्व वाढवायची इंजेक्शनं सुचवली. एक समुपदेशन केंद्र बारा सिटिंगमध्ये नॉर्मल करून देतो म्हणतं, 36 हजार रुपये. नातेवाईक म्हणतात, लग्न लावून द्या, सगळं सुरळीत होईल. काय करू? (एक आई, सातारा जिल्हा)

तुमच्या पत्रातली काळजीची ओळ जेवणाची आहे, साडीची नाही. सलग दोन आठवडे मन उदास, कशात रस नाही, भूक-झोप बिघडलेली, अंथरूण सुटत नाही, एवढ्यावर आम्ही नैराश्याचं निदान करतो. इथे तीन महिने झालेत आणि त्या आजाराला अजून एक गोळीही मिळालेली नाही, कारण सगळं घर साडीवर उपाय शोधत फिरतंय.

आता एकेक बघू. इंजेक्शनं टेस्टोस्टेरॉनची असणार. त्याने दाढी दाट होते, अंगावर केस वाढतात. आपण कोण आहोत ही जाणीव त्याने बदलत नाही. ज्याला आरशात दिसणारी दाढीच सोसवत नाही, त्याला आणखी दाढी द्यायची हा उपचार नव्हे. बारा सिटिंगवाल्यांनी तुम्हाला सरळ फसवलं आहे. लिंगओळख बदलून देतो म्हणणारी 'थेरपी' हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये सगळ्या राज्य परिषदांना तसं कळवलं आहे. अशा सिटिंगमधून बाहेर पडताना मुलांची ओळख तीच असते, फक्त लाज वाढलेली असते आणि डॉक्टरवरचा विश्वास उडालेला असतो. मग खऱ्या उपचारालाही ती यायला तयार होत नाहीत. पैसे भरले नसतील तर भरू नका.

देवऋषी, अंगारा, उतारा यांत पैसे जातात, त्याहून मोलाचे आठवडे जातात. उपास घडवणं, कोंडणं, मारणं असलं काही झालं असेल तर ते आजच थांबवा.

आणि लग्न. हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. लग्न हे कुठल्याच मानसिक त्रासाचं औषध नाही, इथे तर ते विष आहे. तुमच्या मुलाचं नैराश्य वाढेल आणि काही माहीत नसलेली दुसऱ्या घरची एक मुलगी त्यात भरडली जाईल. वर्षभरात 'पाळणा का हलत नाही' हा प्रश्न सुरू होतो, मग वांझपणाचा ठपका तिच्यावर. ज्या नातेवाइकांना लग्नाची घाई आहे ते तेव्हा कोर्टात तुमच्या बाजूला उभे राहणार नाहीत. साखरपुड्याची बोलणी चालू असतील तर आजच मोडा.

करायचं ते असं. जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार ओपीडीत केसपेपर काढा, किंवा एम.डी. सायकिअ‍ॅट्री अथवा डी.पी.एम. झालेल्या डॉक्टरांकडे जा. भूक, झोप, उतरलेलं वजन, मरणाची भाषा, एवढं कागदावर लिहून न्या. डॉक्टरांनी मुलाशी आधी एकट्याने बोलायला हवं. तुम्ही बाहेर थांबा. हिमोग्लोबिन, थायरॉइडची टी.एस.एच., बी-12 आणि साखर तपासून घ्या. थायरॉइड मंदावलं किंवा बी-12 कमी झालं तरी माणूस असाच निस्तेज दिसतो. डॉक्टरांना सरळ विचारा, 'ही ओळख बदलायचा प्रयत्न करणार का?' ते 'हो' म्हणाले तर केसपेपर उचला आणि दुसरीकडे जा. नैराश्य अगदी तीव्र झालं तर कधी विजेचे उपचार सुचवतात. ते नैराश्यासाठी योग्य आहेत, पण भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ते देण्यास कायद्याने बंदी आहे. आणि ओळख बदलण्यासाठी ते कधीच नसतात.

घरात तुम्ही काय कराल हेही औषधाइतकंच महत्त्वाचं आहे. स्वीकार म्हणजे पहिल्याच आठवड्यात गावजेवण घालणं नव्हे. जेवायला सगळ्यांबरोबर ताट मांडा. टोमणे बंद. जे नाव तुमचं मूल सांगेल ते निदान चार भिंतींत वापरा. चुकलं तर सुधारून पुढे चला, रडारड नको. वडील बोलत नसतील तर त्यांची आणि तुमची वेगळी भेट डॉक्टरांकडे मागून घ्या. आईबापांनाही दुःख होतं आणि ते कुठेतरी बोलायला हवंच, फक्त त्या मुलासमोर नको.

प्रश्न : वय 26, ट्रान्स स्त्री. मेडिकलमधून 'माला-डी' या गर्भनिरोधक गोळ्या आणून रोज तीन-तीन घेते, म्हणजे लवकर फरक पडेल. मनही फार खचलंय. यावर डिप्रेशनची गोळी चालेल का? (नाशिक)

नैराश्याची बहुतेक औषधं चालतात. चालत नाही ती तुमची तिहेरी मात्रा. या गोळीत एथिनिल इस्ट्राडायोल आणि लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं. पहिल्याने रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो, तिप्पट घेतल्यावर आणखी, आणि सिगारेट-बिडी असेल तर त्याहून. दुसऱ्यात थोडा पुरुषी हार्मोनसारखाच गुण असतो. पाकिटातल्या 28 पैकी वेगळ्या रंगाच्या 7 गोळ्या नुसत्या लोहाच्या असतात, त्याही कित्येक जणी हार्मोन म्हणून गिळतात. एकाच पायाची पोटरी सुजून दुखली, अचानक धाप लागली, छातीत कळ आली, तर थेट कॅज्युअल्टीत जा आणि गोळ्यांचं पाकीट सोबत न्या.

तज्ज्ञ इस्ट्राडायोल देतात, ते वेगळं असतं, आणि त्याआधी रक्तदाब, साखर, चरबी, यकृत, प्रोलॅक्टिन, हार्मोनची पातळी बघतात. मनोविकार तज्ज्ञ आणि एंडोक्रिनोलॉजिस्ट (हार्मोनतज्ज्ञ) या दोघांनाही सगळ्या गोळ्या दाखवा, लपवू नका. कार्बामॅझेपिन, लॅमोट्रिजिन, लिथियम ही मूड स्थिर ठेवणारी औषधं. कार्बामॅझेपिनने इस्ट्रोजेनचा असर कमी होतो, इस्ट्रोजेनने लॅमोट्रिजिनची पातळी उतरू शकते, लिथियमबरोबर पुरुषी हार्मोन दाबणारं स्पायरोनोलॅक्टोन आलं तर लिथियम अंगात साठू शकतं. त्याच कामाचं सायप्रोटेरॉन घेताना काहींना उदासी येते. तुमचं खचलेपण कशामुळे, हे त्याशिवाय कळणार नाही. आणि नैराश्य आहे म्हणून हार्मोन कधीच मिळणार नाहीत, असंही नाही. आधी मन जरा सावरतात, मग दोन्ही उपचार सोबत चालतात.

प्रश्न : डॉक्टर माझ्या घरी सांगतील का?

तुम्ही सज्ञान असाल तर तुमच्या परवानगीशिवाय नाही. जिवाला धोका असेल तरच, आणि तेव्हाही गरजेपुरतंच.

प्रश्न : मी तृतीयपंथी, वय 41. निर्वाण (लिंग आणि वृषण काढणं) होऊन बारा वर्षं झाली. कधी हार्मोन घेतले नाहीत. अंगातून वाफा येतात, झोप नाही, मागतीला जायची ताकद नाही, रडू येतं. एआरटी (एचआयव्हीची औषधं) चालू आहे. दवाखान्यात नातेवाईक आणा म्हणतात. माझं घर म्हणजे माझी गुरू. (सोलापूर)

निर्वाणानंतर शरीरात पुरुषी हार्मोन जवळजवळ तयार होत नाही. त्याच्या जागी दुसरं काही दिलं नाही तर वाफा, थकवा, झोपमोड, उदासी आणि हाडं ठिसूळ होणं हे सगळं त्यातून येऊ शकतं. वर नैराश्य वेगळं असू शकतंच. म्हणून हार्मोनची पातळी आणि शक्य झालं तर हाडांची घनता तपासून घ्या. एआरटी एक दिवसही चुकवू नका. त्यात एफाविरेंझ असेल तर त्याने भयानक स्वप्नं आणि उदासी येऊ शकते. एआरटी केंद्रात हे सांगा, औषध बदलायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या.

नातेवाइकांचं म्हणाल, तर त्याच 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम 14 आहे. साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून तुम्ही कुणाही सज्ञान माणसाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकता. गुरूचं नाव लिहा, त्यांचीही संमतीची सही घ्या, एक प्रत केसपेपरला लावा, एक जवळ ठेवा. लिंगओळखीवरून मानसिक उपचारात भेदभाव करायला त्याच कायद्याची मनाई आहे.

प्रश्न : मी ट्रान्स पुरुष, 21, पुण्यात होस्टेलवर. औषधाने बराच सावरलोय. घरी आता सांगावं म्हणतो. गणपतीत सगळे जमतात तेव्हा सांगू? (लातूर)

गणपतीत नको. वीस माणसांसमोर बापाला अब्रू आठवते, मूल नंतर आठवतं. आधी एकालाच सांगा, आत्या असो वा चुलतभाऊ, घरात ज्याचं ऐकतात तो. मग आईवडिलांना पत्र लिहा. समोरासमोरच्या भांडणात शब्द भलतीकडे जातात, पत्र दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचता येतं. त्यात तीन गोष्टी असू द्या : मी कोण आहे, हे तुमच्या संगोपनाचं पाप नाही, आणि सध्या तुमच्याकडून एवढंच हवं आहे. शस्त्रक्रियेचा विषय पहिल्या पत्रात आणू नका, सगळी चर्चा तिथेच अडकते.

सांगण्याआधी एवढी तयारी करा. आधार, मार्कशीट, बँकेचं पासबुक स्वतःजवळ. दोन महिन्यांचा खर्च बाजूला. घरी जाणार असाल तर परतीचं तिकीट आणि रात्री आसरा देईल असा एक मित्र. महिनाभराची औषधं. फोन काढून घेतील, कोंडतील अशी शंका असेल तर अजून सांगूच नका. स्वतःच्या पायावर उभं राहून सांगणं हा भित्रेपणा नाही. घरातून हुसकावणं 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्क संरक्षण) कायद्याने गुन्हा ठरवलं. पहिला नकार बहुतेक वेळा शेवटचा नसतो, पण तो पचवायला तुमच्या डॉक्टरांची भेट त्याच आठवड्यात ठरवून ठेवा आणि गोळी त्या गडबडीत चुकवू नका.

प्रश्न : एका व्हिडिओ कॉलवर जेंडर सर्टिफिकेट आणि हार्मोनची चिठ्ठी, 4,999 रुपये. घेऊ का?

नको. वीस मिनिटांच्या कॉलमध्ये नैराश्य नीट जोखता येत नाही आणि रक्तदाब तर मुळीच मोजता येत नाही. शासनाचं ओळखीचं प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतं. सध्याची पद्धत आणि लागणारी कागदपत्रं समाजकल्याण कार्यालयात विचारा. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा भारतीय पुनर्वसन परिषदेकडे पडताळता येतो. जो तो द्यायला कचरतो, त्याला पैसे देऊ नका. दिले असतील तर पावती आणि चॅट जपून ठेवा, परिषदेकडे तक्रारीला लागतील.