मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणाऱ्यांना चित्र सुचतं कसं, कोणाचा प्रभाव असतो आणि यात पुढे काय करता येतं?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की बारावी झालीये, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड आहे आणि घरचे विचारतायत यात पुढे काय. मी हेच काम करते, मूळची कोल्हापूरची, सध्या पुण्यात, त्यामुळे माझ्यापुरतं सांगते.

चित्र एकदम डोळ्यांसमोर उभं राहतं असं माझं तरी होत नाही. गोष्ट हातात आली की आधी ती मोठ्यानं वाचते आणि मजकुरात जे जे सांगून झालंय त्याच्याखाली पेन्सिलीनं रेघ मारते, कारण ते मला काढायचं नसतं. लेखकानं लिहिलंय आजी चिडली, आणि मी पण चिडलेला चेहराच काढला तर मुलाला नवीन काय मिळालं? मग मी शोधत बसते की त्या वेळी आजीच्या हातात काय होतं, मांजर कुठे दडलं होतं, गॅसवरचं दूध उतू चाललंय का आणि तिकडे कोणाचंच लक्ष नाहीये का. मूल अक्षरं वाचायच्या आधी चित्र वाचतं, आणि त्याला तिथे मजकुरात नसलेलं काहीतरी सापडलं की ते पुस्तक पुन्हा पुन्हा काढून बसतं. माझ्या मते इलस्ट्रेटरचं मुख्य काम हेच, बाकी सगळं तंत्र आहे आणि ते शिकता येतं.

त्यानंतर पानं पाडायची. छपाईत मोठा कागद दुमडून आठ किंवा सोळा पानांचा फॉर्म होतो म्हणून ही पुस्तकं बहुतेक 16, 24 नाहीतर 32 पानांची असतात, त्यात टायटल आणि माहितीची पानं गेली की गोष्टीला जागा मोजकीच उरते. मी एका कागदावर सगळ्या पानांचे काड्यापेटीएवढे चौकोन आखते आणि त्यात नुसते आकार टाकते, कुठे दोन्ही पानांवर पसरलेलं मोठं चित्र, कुठे एवढंसं एकटं माणूस आणि भोवती मोकळी जागा. पान उलटल्यावर काय दिसणार हे इथेच ठरतं. मला हा टप्पा सगळ्यात जास्त आवडतो आणि सगळ्यात जास्त वेळ पण यालाच देते. पुढे पेन्सिलीचं रफ कागदावरच, मग स्कॅन करून रंग टॅबलेटवर. सॉफ्टवेअर कुठलं घेऊ यात फार अडकू नका, क्रिटा फुकट आहे आणि भरपूर चांगलं आहे. फक्त फाइल पहिल्यापासून 300 डीपीआयला (म्हणजे इंचाला 300 ठिपके) ठेवा, कडेला कटिंगसाठी तीन मिलिमीटर जास्तीचा रंग सोडा, आणि स्क्रीनवर चमकणारा हिरवा छापल्यावर तसा येत नाही हे धरूनच रंग निवडा.

आणि बघणं. एसटी स्टँडवर, मंडईत, रंकाळ्यावर बसून माणसं काढायची. तांदूळ निवडताना बाई एक पाय पसरून एक दुमडून कशी बसते, उसाच्या ट्रॉलीवर पोरं कशी लोंबकळतात, हे इंटरनेटवर शोधलं तर भलतंच काहीतरी मिळतं. हल्ली एआयनं बनवलेली चित्रं पाठवून असंच करून द्या म्हणणारे भेटतात, त्या चित्रांतलं स्वयंपाकघर कुठल्याच गावचं नसतं.

प्रभाव म्हणाल तर शि. द. फडणीस सगळ्यात आधी. एक शब्द न वापरता हसवायचं ही त्यांची ताकद तर आहेच, पण बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठी त्यांनी चित्रं काढली हे मला त्याहून मोठं वाटतं, कारण जे मूल गणिताला घाबरतं त्याच्यासाठी इतका मोठा चित्रकार बसून विचार करतो. दीनानाथ दलालांच्या रेषेकडे मी अजूनही अभ्यास म्हणून बघते, किती कमी रेषांत माणूस उभा राहतो. मारिओ मिरांडांकडून गर्दी कशी काढायची ते, प्रत्येक माणूस आपापल्या कामात. माधुरी पुरंदरे स्वतः लिहितात आणि स्वतःच चित्रं काढतात, तिथे शब्द कुठे थांबतो आणि चित्र कुठून सुरू होतं हे नीट समजतं. आणि कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी, जमलं तर जाऊन बघाच. सुट्ट्या कागदांवरच्या चित्रांची पोथी, एकेक चित्र समोर धरून गाऊन गोष्ट सांगायची. चित्रांचं पुस्तक ही गोष्ट आपल्याकडे बाहेरून आली असं म्हणणाऱ्यांना मी पिंगुळीला पाठवते.

करिअरबद्दल. बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) अप्लाइड आर्ट चार वर्षांचं, त्याला राज्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा असते, प्रवेश मिळाला तर जरूर करा. सुरुवातीला फक्त पुस्तकांवर भागत नाही, मी पण पॅकेजिंग, पत्रिका, शाळांच्या भिंती असं सगळं करते. पण कामाचं लेखी घ्याच. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हक्क दुसऱ्याला देणं लेखी असावं लागतं, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. कायमचे सर्व हक्क असं लिहिलेल्या कागदावर सही करायच्या आधी हे माहीत असू दे, आणि पुस्तकावर चित्रकाराचं नाव कुठे येणार तेही आधीच विचारा.

माझी स्वतःची इच्छा म्हणजे एक पुस्तक, गोष्टही माझी आणि चित्रंही, पंचगंगेच्या पुरात शाळेत राहायला आलेल्या मुलांचं. त्याचे चौकोन आखून झालेत. प्रकाशक शोधतेय.

तुम्ही पोर्टफोलिओ करत असाल तर वेगवेगळी सुंदर चित्रं दहा ठेवण्यापेक्षा एकच पात्र घ्या, आणि ते पळताना, रडताना, पाठमोरं, अंधारात असं सलग पाच-सहा पानांवर काढून दाखवा. बत्तीस पानं तेच मूल तेच वाटेल का, हे कुठल्याही संपादकाला आधी बघायचं असतं.