सोलर आणि बॅटरी : आधी रात्रीचा हिशेब करा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कराडजवळच्या गावात स्वतःचं घर, महिन्याला २८० युनिटांच्या आसपास वापर, तीन हजारांच्या मागेपुढे बिल. पावसाळ्यात वारा सुटला की लाईट जाते, ती कधी दोन तासांनी येते, कधी सकाळीच. सोलरवाल्याने ५ किलोवॅटचे पॅनेल, हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनेल, बॅटरी आणि लाईन तिन्हींवर चालणारा) आणि १० युनिटांची लिथियम बॅटरी असं सव्वापाच लाखांचं कोटेशन दिलंय आणि ‘एकदाच काय ते मोठं करून टाका’ म्हणतोय. हे सगळं सविस्तर लिहून शेवटच्या ओळीत जाता जाता तुम्ही लिहिलंत की सासूबाईंना रात्री ऑक्सिजनचं मशीन लागतं. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. ती ओळ नसती तर मी सरळ म्हटलं असतं, बॅटरी नको, साधं ऑन-ग्रिड, म्हणजे थेट लाईनला जोडलेलं, बसवा. ती आहे म्हणून उत्तर लांबतंय.

बिल उतरवणं हे एक काम आणि लाईट गेल्यावर घर चालू ठेवणं हे दुसरं. पहिलं काम पॅनेल आणि नेट मीटर मिळून करतात. दिवसा जास्तीची वीज महावितरणच्या लाईनवर जाते, रात्री तुम्ही तेवढी परत घेता, मीटर दोन्ही मोजतो. म्हणजे बिलापुरती लाईन हीच तुमची बॅटरी. त्यासाठी घरात दोन लाखांचा डबा टांगून बिलात काही फरक पडत नाही. पण लाईनच मेली की हे सगळं थांबतं, आणि ते किती पूर्णपणे थांबतं हे मला फार उशिरा कळलं.

मी चिपळूणचा. २०१९ मध्ये घरावर ३ किलोवॅटचे ऑन-ग्रिड पॅनेल लावले. बिल उतरलं, आम्ही खुश. मग २२ जुलै २०२१ चा पूर आला. पाणी ओसरलं, गाळ उपसताना ऊन पडलं, गच्चीवर पॅनेल लखलखत होते आणि घरात मोबाईल चार्ज करायला वीज नव्हती. साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लाईनवर व्होल्टेज दिसलं तरच चालतो. लाईन गेली की क्षणात स्वतःला बंद करून घेतो. ही खोट नाही, मुद्दाम केलेली सोय आहे : खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या गच्चीवरून उलटी आलेली वीज लागू नये म्हणून. बसवताना मला हे कोणी सांगितलं नव्हतं. घरातला जुना इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी जिन्याखाली होती, ती पाण्यात गेली. पुढच्या वर्षी हायब्रिड आणि लिथियम बॅटरी घेतली, ती पहिल्या मजल्यावर. म्हणून बॅटरीविषयी मी जे लिहितोय ते वापरून लिहितोय.

आता तुमची रात्र मोजू. मशिनच्या मागच्या पट्टीवर वॅट छापलेले असतात, ते आधी बघा. मिनिटाला ५ लिटर ऑक्सिजन देणाऱ्या मशिनला साधारण ३५० वॅट धरा. रात्री दहा ते सकाळी सहा, आठ तास, म्हणजे २.८ युनिट (हजार वॅट एक तास चाललं की एक युनिट). दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, दोन एलईडी दिवे आणि राउटर मिळून शंभर वॅट, आठ तासांचे ०.८. झाले ३.६ युनिट. फ्रिज लावलात तर आणखी ०.४. पण बंद दाराचा फ्रिज एक रात्र सहज निभावतो, तो बॅटरीवर घेऊ नका.

तुमच्याकडच्या जुन्या इन्व्हर्टरची १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर, म्हणजे लेड-ॲसिड जातीची बॅटरी कागदावर १२ गुणिले १५०, म्हणजे १.८ युनिट. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली रोज उतरवली तर लवकर मरते, म्हणून हाताशी ०.९ युनिट. त्यातच जास्त भार टाकला की ती आणखी कमी देते. मशीन एकटं दोन तास चाललं तरी खूप. तेव्हा तुमची काळजी अगदी रास्त आहे. ५ युनिटांची लिथियम बॅटरी घेतली, त्यातही लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची, तर नव्वद टक्के वापरता येते म्हणजे साडेचार, इन्व्हर्टरमधली घट जाऊन चारच्या आसपास हातात पडतात. तुमची रात्र त्यात बसते. १० युनिटांची गरज नाही. मशीन १० लिटरचं असेल तर मात्र वॅट जवळपास दुप्पट असू शकतात आणि हा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागेल, म्हणून ती पट्टी पाहिल्याशिवाय कशावरही सही करू नका.

आणि एक गोष्ट विजेच्या बाहेरची. कितीही चांगली बॅटरी घेतलीत तरी ती एक यंत्र आहे, बंद पडू शकते. डॉक्टरांना विचारून एक भरलेला ऑक्सिजन सिलिंडर घरात ठेवा आणि तो उघडायला घरातल्या दोघांना तरी शिकवा. जुना इन्व्हर्टरही विकू नका. तो प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे लाईनसारखीच वीज देणारा, असेल तर दुसरी फळी म्हणून राहू दे. स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर ऑक्सिजनचं मशीन लावू नका, फक्त दिवे-पंखे.

आता ज्या चुकीने माझी एक अख्खी रात्र गेली ती सांगतो. हायब्रिड इन्व्हर्टरमध्ये बॅटरी कशी वापरायची याची सेटिंग असते. बसवणारे बहुतेक वेळा ती अशी ठेवतात की संध्याकाळ झाली की घर बॅटरीवर चालतं आणि बॅटरी खाली झाली की लाईनवर जातं. ॲपवर फार छान दिसतं, ‘आज ९० टक्के वीज स्वतःची’. पण रात्री एक वाजता लाईट जाते तेव्हा बॅटरीत काही उरलेलं नसतं. आमच्याकडे नेमकं तेच झालं. तुम्ही बसवतानाच सांगा की बॅटरी राखीव ठेवायची आहे, लाईन असेपर्यंत तिला हात लावायचा नाही. नेट मीटर असताना त्यात तुमचं काही नुकसान नाही. निदान जून ते ऑक्टोबर तरी ही सेटिंग कोणाला बदलू देऊ नका.

राखीव वीज कुठे जाणार हेही वायरिंगमध्येच ठरतं. मशीन, सासूबाईंच्या खोलीतला पंखा-दिवा, राउटर, स्वयंपाकघरातला एक दिवा, एवढ्यांची वेगळी लाईन ओढून ती इन्व्हर्टरच्या बॅकअप बाजूला घ्या. गीझर २००० वॅट खातो. पाण्याची एक एचपीची मोटर चालू होताना तिच्या वॅटांच्या कितीतरी पट ओढते. रात्री कोणी सवयीने बटण दाबलं आणि इन्व्हर्टर ओव्हरलोड होऊन बंद पडला, तर मशीनही बंद. म्हणून ही दोन्ही बॅकअपच्या बाहेर हवीत.

पावसाळ्यात बॅटरी भरेल का, ही तुमची शंका बरोबर आहे. वर्षाची सरासरी किलोवॅटमागे दिवसाला चार युनिट धरतात, पण जुलैत माझ्याकडे दीड-दोनवर येते. ३ किलोवॅटचे तरी साडेचार ते सहा होतात. रात्रभर वापरलेली ५ युनिटांची बॅटरी त्यातून दिवसभरात बरीचशी भरते, आणि हायब्रिड असल्यामुळे लाईन नसतानाही भरते. कराडला पाऊस आमच्यापेक्षा कमी, तुमचं बरंच चालेल.

पॅनेल किती, याचं माझं उत्तर ३ किलोवॅट. महिन्याला सरासरी ३६० युनिट होतील, तुमचा वापर २८०. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं ७८,००० रुपये अनुदान मिळतं आणि तिथेच ते थांबतं. ५ किलोवॅट केलेत तरी ७८,०००च. वरच्या दोन किलोवॅटचा खर्च पूर्ण तुमचा, आणि त्यांची वीज तुम्हाला नकोच आहे. शिल्लक युनिटांचा हिशेब ३१ मार्चला मिटतो, आणि उरलेल्या युनिटांना मिळणारा भाव आपण भरतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. यात एक गंमत आपल्या बाजूने आहे : हिशेबाचं वर्ष एप्रिलला सुरू होतं. एप्रिल-मेच्या कडक उन्हातली शिल्लक सगळी पावसाळ्यात कामी येते. वाया जाते ती फेब्रुवारी-मार्चची. म्हणून वापरापेक्षा थोडं जास्त ठीक, दुप्पट नको. अनुदान पॅनेलच्या किलोवॅटवर आहे, बॅटरीवर नाही, हेही सोलरवाल्याशी बोलताना लक्षात असू द्या. पॅनेल भारतात बनवलेल्या सेलचे, ज्यांना बाजारात डीसीआर म्हणतात तेच लागतात, नाहीतर अनुदान बुडालं. कोटेशनमध्ये तो शब्द लिहून घ्या. जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावर १२ वरून ५ टक्के झालाय, तुमचं कोटेशन जुन्या दराने बनवलेलं नाही ना ते पाहा.

बिल कोणाच्या नावावर आहे? हे आजच बघा. निम्म्या घरांची गाडी इथे अडते. मीटर सासऱ्यांच्या नावावर, अर्ज मुलाच्या नावाने, बँक खातं सुनेचं, असं चालत नाही. आधी महावितरणकडे नाव बदलून घ्या, थकबाकी असेल तर भरा, मग पोर्टलवर अर्ज. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणीसाठी ताटकळावं लागत नाही, पण नावाच्या घोळाला महिने जातात. अनुदान नेट मीटर लागून काम पूर्ण झाल्यावर खात्यात येतं, म्हणजे आधी पूर्ण पैसे उभे करावे लागतात. राष्ट्रीयीकृत बँकांचं या योजनेसाठी तारणाशिवाय कर्ज आहे, त्याची चौकशी करा.

गच्चीवर सावली बघणं हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि त्यात मी स्वतः फसलोय. माझ्याकडे सोलरवाला मे महिन्यात पाहणीला आला. मेच्या मध्यावर आपल्याकडे दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, कशाचीच सावली दिसत नाही. त्याने जिन्याच्या खोलीच्या उत्तरेला पॅनेल मांडले. डिसेंबरात दुपारी बारालाही सूर्य दक्षिणेकडे कललेला, जेमतेम ४८-४९ अंश वर. जिन्याची खोली आणि वरची पाण्याची टाकी मिळून चार मीटर उंच, तिची सावली साडेतीन मीटर उत्तरेला पडली, सकाळी-दुपारी त्याहून लांब. पॅनेल एकमेकांना माळेसारखे जोडलेले असतात, एकावर सावली आली की माळेतली वीज घटते. दोन हिवाळे नुकसान सोसून शेवटी सांगाडा हलवला. तुमच्याकडे पाहणी कुठल्याही महिन्यात होवो, टाकी आणि नारळ-आंब्याच्या उत्तरेला त्यांच्या उंचीच्या दीडपट तरी जागा मोकळी सोडायला सांगा. पॅनेलचं तोंड दक्षिणेला, कल सतराअठरा अंश. ३ किलोवॅटला साधारण तीनशे चौरस फूट लागतात.

स्लॅबला भोकं पाडून सांगाडा बसवू देऊ नका, पहिल्याच पावसात गळती लागेल. वर काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यात पाय रोवतात. सांगाडा उंच केला की खाली कुरडया-पापड वाळवायला जागा राहते हे खरं, पण तेवढा वाराही जास्त लागतो. उंच हवा असेल तर जाडजूड, गॅल्व्हनाइज केलेला घ्या. अर्थिंग तीन वेगवेगळी हवीत : पॅनेलचं, घरच्या बाजूचं आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाचं. खड्डे खणताना स्वतः उभ्या राहा. बोअरच्या पाण्याने पॅनेल धुतले की पांढरे डाग बसतात, पुसून घ्यायचे, आणि तापलेल्या काचेवर दुपारी पाणी मारायचं नाही.

बॅटरी गच्चीवर नको, गॅसजवळ नको, झोपायच्या खोलीत नको. वरच्या मजल्यावर सावलीची, हवा खेळती असलेली भिंत बघा. नदीकाठच्या आपल्या गावांना हे वेगळं सांगायला नको. बॅटरी आणि इन्व्हर्टर वेगळ्या कंपन्यांचे असतील तर दोघांचं एकमेकांशी जमतं असं इन्व्हर्टर कंपनीच्या यादीत दाखवायला सांगा. नुसत्या ‘चालतं हो’वर जाऊ नका.

सगळं बसून झालं की शेवटचा हप्ता लगेच देऊ नका. सोलरवाला घरात असतानाच ऑक्सिजनचं मशीन, पंखा आणि दिवा चालू करा (मशीन त्या वेळी सासूबाईंना लावलेलं नसू दे) आणि त्याला मेन स्विच पाडायला सांगा. मशीन न थांबता चालतंय का, थांबलं तर स्वतःहून पुन्हा सुरू होतं का, अलार्म वाजतो का, हे बघा. मग रात्री दहाला पुन्हा मेन पाडा, या वेळी मशीनऐवजी तेवढ्याच वॅटचे जुने पिवळे बल्ब लावा, आणि सकाळी सहाला बॅटरीत किती टक्के उरलेत ते लिहून ठेवा. तो आकडा आणि मशिनच्या पट्टीवरचे वॅट इथे कळवा, पुढचं बघू.