दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत गाठीऐवजी टाका धरून ठेवणारे साधन कसे असावे?

आपण यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहात, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत गाठ न मारता टाका पक्का करणारी क्लिप प्रकल्पासाठी बनवू इच्छिता, आणि धागा जास्तीत जास्त घट्ट पकडणारा जबडा कसा बनवावा असे आपण विचारले आहे. अशा साधनांच्या आरेखनावर आणि चाचण्यांवर मी काही वर्षे काम केले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, ‘जास्तीत जास्त घट्ट’ हे उद्दिष्टच आपण आधी सोडून द्यावे.

पोटावरच्या ५ किंवा १० मिलिमीटरच्या छिद्रातून गेलेले लांब हत्यार त्या छिद्रापाशीच टेकून फिरते, त्यामुळे हात डावीकडे गेला की आतले टोक उजवीकडे जाते. साध्या पडद्यावर खोलीचा अंदाज येत नाही आणि धाग्यावर किती ताण आला हे बोटांना नीट कळत नाही. अशा स्थितीत आत गाठ मारणे हे कष्टाने कमावलेले कौशल्य आहे. म्हणूनच मुळात टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेसाठी वापरली गेलेली रोडर यांची सरकगाठ जर्मन शल्यविशारद कुर्ट सेम यांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत आणली. ही गाठ बाहेर बांधायची आणि दांडीने आत ढकलायची असते. क्लिपचा विचार याच गरजेतून पुढे आला.

आता पकडीकडे येऊ. ३-० क्रमांकाचा शोषला जाणारा कृत्रिम धागा जेमतेम ०.२ ते ०.२५ मिलिमीटर जाडीचा असतो. माझ्या पहिल्या नमुन्यात मी जबड्याला बारीक दाते दिले होते आणि कोरड्या धाग्यावर त्याची पकड उत्तम आली. तोच धागा ओला करून ओढला तेव्हा अर्ध्या चाचण्यांमध्ये तो सरकला आणि उरलेल्यांमध्ये दात्यापाशीच तुटला. एकपदरी धाग्यावर पडलेली खाच म्हणजे तुटण्याची जागा आपणच आखून देणे होय. ते धागे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यानंतर मी दाते कायमचे सोडले.

मग आधार कशाचा घ्यायचा? होडी बांधणारा माणूस दोर मुठीत आवळून धरत नाही, खुंटाला वेढे देतो. वळणाचा कोन वाढेल तशी धरून ठेवण्याची शक्ती घातांकी पद्धतीने वाढते: घर्षणगुणांक ०.२ धरला, तर एका पूर्ण वेढ्याने सुमारे साडेतीन पट ताण पेलला जातो आणि तीन वेढ्यांनी ४० पटींहून अधिक. क्लिपच्या आत पूर्ण वेढे देता येत नसले तरी हिशेब एकूण कोनाचा असतो, त्यामुळे १२० अंशांची तीन वळणे एका वेढ्याइतकेच काम करतात. अशा नागमोडी वाटेत टोकाशी हलकी पकड पुरते आणि धागा चिरडला जात नाही. मात्र वळण फार तीक्ष्ण ठेवू नये, कारण तिथे धाग्यात ताण एकवटतो. गाठीपाशी धागा कमजोर होतो तोही मुख्यतः याच कारणाने.

माझ्या मते खरा प्रश्न याच्याही पुढचा, म्हणजे ऊतीवर येणाऱ्या ताणाचा आहे. टाका सैल राहिला तर जखमेच्या कडा जुळत नाहीत, आणि अति आवळला तर तिथला रक्तपुरवठा तुटतो किंवा धागा ऊती कापत जातो. मूत्रपिंडाचा अर्बुद असलेला भाग काढल्यानंतर वापरली जाणारी सरकत्या क्लिपची पद्धत आपण अवश्य अभ्यासावी. तिच्यात हेम-ओ-लॉक ही पॉलिमरची क्लिप धाग्यावरून सरकवत हवा तेवढा दाब आणतात, आणि ती मागे सरकू नये म्हणून तिच्यामागे लॅप्रा-टाय ही शोषली जाणारी क्लिप लावतात. ताण ठरवणे आणि कुलूप लावणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्या पद्धतीने ओळखले आहे. आपल्या साधनातही ती वेगळी ठेवा, आणि कुलूप बसण्यापूर्वी शल्यचिकित्सकाला माघार घेता आली पाहिजे.

पदार्थ निवडताना काळाचा विचार करावा. पॉलिग्लॅक्टिन या शोषल्या जाणाऱ्या कृत्रिम पदार्थाच्या धाग्याची सुमारे निम्मी ताकद तीन आठवड्यांनंतर टिकून असते; क्लिप त्याआधी ढिली पडली तर चांगला धागा वाया जातो. पॉलिमर सतत दाबाखाली हळूहळू शिथिल होतो, म्हणून पहिल्या मिनिटाची पकड फारसे काही सांगत नाही. दुसऱ्या टोकाला, कायम राहणाऱ्या क्लिपा प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर सरकत मूत्राशयात पोहोचल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. अंगावरच्या बारीक काट्यांनी ऊतीत अडकून राहणाऱ्या काटेरी धाग्याला गाठ लागत नाही, परंतु त्याचे उघडे राहिलेले टोक आतड्याला अडकून अडथळा निर्माण झाल्याचेही आढळले आहे. त्यामुळे कडा गोलाकार ठेवणे आणि धाग्याचे कापलेले टोक झाकणे मी पकडीइतकेच महत्त्वाचे मानतो.

चाचणी ३७ अंश सेल्सिअसच्या सलाइनमध्ये भिजवलेल्या धाग्यावरच घ्यावी, आणि एकदाच ओढून न थांबता वारंवार कमी-जास्त भार द्यावा, कारण श्वास आणि आतड्यांची हालचाल तसाच भार देते. सांध्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतील गाठींच्या अभ्यासात फासा ३ मिलिमीटर उघडला की गाठ निकामी मानण्याची पद्धत आहे. मऊ ऊतींसाठी मी याहून कडक मर्यादा ठेवीन.

शेवटी, क्लिप हत्यारात भरण्याचे काम आपण स्वतः करून पाहू नका. ज्याने साधन बनवले आहे त्याला ते सोपेच वाटते. हातमोजे घातलेल्या, साधन प्रथमच पाहणाऱ्या व्यक्तीला सरावपेटीत ते लावायला द्या आणि क्लिप किती वेळा निसटून पडते ते मोजा. पोटात हरवलेली पारदर्शक क्लिप शोधणे अवघड असते, त्यामुळे तिचा रंग रक्त आणि चरबीपासून वेगळा उठून दिसेल असा निवडा.