शुक्रवारी साडेचारला आलेला मेल

प्रश्न : ताई, मी चाकणच्या एका फ्रेट फॉरवर्डिंग (लोकांचा माल जहाजाने पाठवायची-आणायची व्यवस्था करणाऱ्या) कंपनीत अकाउंट्स बघते. मागच्या शुक्रवारी साडेचारला आमच्या शांघायच्या एजंटचा मेल आला. ऑडिटमुळे जुनं खातं बंद आहे, या वेळचं फ्रेट (मालवाहतुकीचं भाडं) नव्या खात्यात टाका, आजच टाका. बिलावर बी/एल (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजाने माल घेतल्याची पावती) नंबर, कंटेनर नंबर, सगळं जुळत होतं. 18,400 डॉलर गेले. बुधवारी एजंट म्हणाला, पैसे आलेच नाहीत. त्याने टेलेक्स रिलीज (मूळ कागदाशिवाय माल सोडायची परवानगी) अडवलंय, कंटेनर न्हावा शेवा बंदरात पडून आहे, पार्टीचे, म्हणजे ज्यांचा माल आहे त्यांचे, दिवसाला दहा फोन येतात. सर म्हणतात, पैसे तुझ्या पगारातून कापणार. माझी खरंच चूक आहे का?
— एक वाचक, चाकण

उत्तर : पगारातून कापण्यासारखं तू काहीही केलेलं नाहीस, हे आधी ऐक. बँकेला दिलेल्या फॉर्मवर सही कुणाची होती? सरांचीच असणार. खातं बदललं तर कुणी, कुणाला विचारायचं हे तुमच्या ऑफिसात कधी ठरलंच नव्हतं. 'माझ्या चुकीमुळे नुकसान झालं' असं लिहिलेल्या कुठल्याही कागदावर सही करू नकोस. आधी वकिलाला दाखव.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी तुला तातडीचं कळवलं होतं. पण चाकण-भोसरी पट्ट्यात तुझ्या खुर्चीवर बसणाऱ्या कितीतरी मुली आहेत, म्हणून ते इथेही लिहिते. बँकेला लेखी अर्ज देऊन स्विफ्टने (बँकांच्या आंतरराष्ट्रीय मेसेज यंत्रणेतून) रिकॉल, म्हणजे पैसे परत मागणारा मेसेज पाठवायला लावायचा. नुसतं शाखेत सांगून भागत नाही, बँकेच्या फ्रॉड विभागालाही तोच अर्ज जायला हवा. समोरच्या खात्यातून पैसे निघून गेले की हाती फारसं लागत नाही, म्हणून इथे तास मोजायचे. त्याच वेळी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करायची. चाकण पिंपरी-चिंचवड पोलिस आयुक्तालयात येतं, त्यामुळे शिवाजीनगरला हेलपाटा मारू नकोस, तिथल्याच सायबर पोलिसांकडे जा. तो मेल डिलीट करू नकोस. फॉरवर्ड केलेल्या प्रतीत मूळ हेडर (मेल कुठून, कसा आला याची नोंद) राहत नाही, तेव्हा मूळ मेल आहे तसा सेव्ह करून ठेव. आणि कंपनीला सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेकडेही कळवावं लागतं. 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे, प्रकार लक्षात आल्यापासून 6 तासांत.

तू पाठवलेली प्रिंट मी भिंग घेऊन पाहिली. एजंटच्या मेलच्या खऱ्या पत्त्यात इंग्रजी 'एम' आहे, त्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी बसवलेत. स्क्रीनवर ते 'एम'च दिसतात. मी 22 वर्षं डॉक्युमेंटेशनच्या टेबलावर काढली, तरी घाईत मलाही ते दिसलं नसतं. दुसरी खूण मात्र दिसण्यासारखी होती. बिलावर बँकेचा स्विफ्ट कोड असतो, त्याचं पाचवं आणि सहावं अक्षर देश सांगतं. चीनच्या बँकेला तिथे 'सीएन' हवं, तुमच्या बिलावर 'पीएल' आहे, म्हणजे पोलंड. शांघायच्या एजंटचं खातं पोलंडमध्ये कशाला असेल? आणि वेळ बघ. आपले साडेचार म्हणजे शांघायचे संध्याकाळचे सात. तिकडचं ऑफिस बंद, इकडे शनिवार-रविवार तोंडावर. चोराने हे सगळं नीट बघून ठरवलंय.

बी/एल नंबर त्याला कळला, याचा अर्थ तो तुमच्या नाहीतर एजंटच्या मेलबॉक्समध्ये बरेच दिवस बसून वाचतोय. मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन 'रूल्स' (आलेले मेल आपोआप हलवायच्या सूचना) उघड. एजंटचे खरे मेल परस्पर 'आरएसएस फीड्स'सारख्या कुणी न उघडणाऱ्या फोल्डरमध्ये टाकायचा रूल तिथे सापडू शकतो. सापडला तर आधी त्याचा फोटो काढ, मग तो काढून टाक. पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदल, सगळीकडून लॉगआउट कर, ओटीपी चालू कर. तुमच्याकडे काही सापडलं नाही, तर एजंटला त्याचा मेलबॉक्स तपासायला सांगा. नुकसान कुणी सोसायचं ते त्यावर ठरेल, आणि ते बोलणं सरांनीच करायला हवं. तोवर काही रक्कम भरून टेलेक्स रिलीज मागा. डिटेन्शन (कंटेनर अडकून पडल्याचा आकार) रोज चढतं, भांडण नंतरही करता येतं.

इथून पुढे नवं खातं आलं की फोन करायचा. मेलमधल्या नंबरवर नाही, जुन्या करारावरच्या नंबरवर, आणि ज्याचा आवाज ओळखीचा आहे त्याच्याशीच बोलायचं. पार्टी कितीही ओरडली तरी.

प्रश्न : आमचं भोसरीत आठ माणसांचं सीएचए (कस्टम्समधून माल सोडवणाऱ्या एजंटचं) ऑफिस आहे. आम्हाला कोण कशाला हॅक करेल? बॅकअपची डिस्क सर्व्हरला कायम जोडलेली असते, तेवढं पुरे ना?
— एक व्यावसायिक, भोसरी

उत्तर : नाही, पुरे नाही. 27 जून 2017 ला मर्स्क या बड्या जहाज कंपनीवर तरी कुणी नेम धरला होता? युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा व्हायरस शिरला आणि पसरत पसरत आपल्या जेएनपीटीतल्या (न्हावा शेवा बंदरातल्या) एका टर्मिनलपर्यंत आला. कंपनीने 10 दिवसांत 4,000 सर्व्हर आणि 45,000 कॉम्प्युटर नव्याने उभे केले. नुकसान 25 ते 30 कोटी डॉलरच्या घरात गेलं. त्यांच्या नेटवर्कची सगळी नोंद ठेवणारे सर्व्हर एकमेकांना जोडलेले होते, म्हणून एकजात गेले. घानामधला तेवढा एक वाचला. त्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून तो नेटवर्कवर नव्हता.

तुमची डिस्क जोडलेली आहे, म्हणजे असा व्हायरस आला की सर्व्हरबरोबर तीही लॉक होणार. दोन डिस्क घ्या, आलटून पालटून वापरा, एक कायम ऑफिसबाहेर ठेवा. तुमच्याकडे गुरुवारी वीज जात असेल, तर बुधवारी संध्याकाळी बदलायची सवय लावा, विसरणार नाही. आइसगेटला (कस्टम्सच्या पोर्टलला) लागणारं डिजिटल सिग्नेचरचं टोकनही काम झालं की काढून कपाटात ठेवा. ते दिवसभर मशीनला लावलेलं आणि पिन मॉनिटरवर चिकटवलेला, असं मी भोसरीतच पाहिलंय. आणि महिन्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवरचं एखादं जुनं शिपिंग बिल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. ते उघडलं नाही, तर तुमच्याकडे बॅकअप नाही असंच धरा आणि त्याच दिवशी नवा घ्या.