‘आलोच’ म्हणजे किती मिनिटं?

“कागद काढला तर पोराला वेडा ठरवतील का हो मॅडम?” मुलाखतीची वेळ संपल्यावर मावशींनी मला तुरुंगाच्या फाटकाशी गाठलं. कागद म्हणजे दिव्यांगत्वाचा दाखला. कैद्यांच्या घरच्यांकडून हा प्रश्न मला नेहमी येतो.

मुलगा २४ वर्षांचा, कच्चा कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल अजून न लागलेला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) बराकीत त्याचं नाव ‘नाटक्या’ पडलेलं. एकदा हवालदार म्हणाले, “थांब इथे, आलोच,” आणि विसरले. हा भर उन्हात दीड तास तिथेच उभा. दुसऱ्या एकाने दरडावलं, “बापाचं घर समजलास काय?” याने सांगितलं, “नाही, बाबांचं घर कराडला आहे.” उद्धट म्हणून मार बसला.

मीही चुकलेच. पहिल्या दोन भेटींत “माझ्याकडे बघून बोल” असा धोशा लावला होता. तिसऱ्या वेळी ते सोडलं, तेव्हा भिंतीकडे बघत तो धडाधड बोलायला लागला. बराकीच्या छताला किती पत्रे आहेत ते आधी. मग जेवणाच्या थाळ्या वाजल्या की डोकं का आपटतो ते. रात्रीची झोप तर महिनाभर नव्हतीच.

मावशींना त्याचं लहानपण विचारलं. चार वर्षांचा होईतो बोलला नाही, कॉलरचं लेबल कापल्याशिवाय शर्ट घालायचा नाही, दारातल्या पाहुण्यांच्या चपला ओळीत लावत बसायचा. शाळेने हट्टी म्हटलं, विषय संपला. सिव्हिलमध्ये तपासणी झाली. आपल्याकडच्या मोजपट्टीत ४० मुद्दे असतात, ७० पासून पुढे गुण गेले की स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, धरतात. त्याचे गेले.

मावशींना म्हटलं, हा वेडाचा दाखला नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात स्वमग्नता आहे. या कागदाने गुन्हा माफ होत नाही, जामीनही आपोआप मिळत नाही. पण चौकशीत पोलीस साहेबांच्या प्रत्येक प्रश्नाला हा “हो” का म्हणत गेला, ते वकिलाला कोर्टापुढे मांडता येतं. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, कोठडीतल्या माणसाला आणि दिव्यांगालाही. झोप आणि धास्ती यांचा इलाज वेगळा, तो मनोविकारतज्ज्ञांनी सुरू केला. “म्हणजे गोळी डोक्याची नाही ना?” मावशींनी पुन्हा खात्री केली. झोपेची, म्हटलं.

आत फार मोठं काही करावं लागलं नाही. झोपायला भिंतीकडेची जागा. गिनतीला खांद्याला हात न लावता आधी नावाने हाक. एका वेळी एकच हुकूम. दिवसाचा क्रम लिहिलेलं पुठ्ठ्याचं कार्ड. अधीक्षकांनी हो म्हटलं, पण खरा फरक पडला तो त्या उन्हातल्या हवालदारांमुळे. त्यांनी स्वतःहून विचारलं, “याला सांगायचं कसं?”

आता तो वाचनालयात पुस्तकं लावतो. हवालदार “आलोच” म्हणत नाहीत, “दहा मिनिटांत येतो” म्हणतात. अकराव्या मिनिटाला तो भिंतीवरचं घड्याळ बघून त्यांना शोधत येतो.