झेंड्याच्या खांबाला हळदकुंकू

चिऊ आणि सोन्या,

परवा फोनवर चिऊनं विचारलं, "पप्पा, मास्तरांनी झेंड्याच्या खांबाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. झेंडा देव असतोय काय?" तेवढ्यात खानापूरची लाइट गेली आणि उत्तर राहिलं.

देव नव्हे गं. पण आपल्याकडं एखाद्या गोष्टीचा मान राखायचा म्हटलं की हात आपोआप कुंकवाच्या करंड्याकडं जातो. खंडेनवमीला आज्जी विळी-कोयता पुजते, आजोबा ट्रॅक्टरला झेंडूची माळ घालतात, गुढीच्या काठीलाही आधी कुंकू लागतं. तोच हात पुढं झेंड्याच्या खांबापर्यंत पोचला, इतकंच. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. इथं मस्कतला मी झेंडावंदनाला गेलो, तिथं ना नारळ ना कुंकू. सवयीनं चप्पल काढायला वाकलो, तर शेजारचा केरळी हसला.

आपल्या बेळगाव जिल्ह्यातलं, खानापूरजवळचं नंदगड आठवतंय? संगोळ्ळी रायण्णाची समाधी? कित्तूरच्या राणी चन्नम्माचा हा शिपाई. इंग्रजांनी त्याला नंदगडला फाशी दिली ती 26 जानेवारी 1831 रोजी, आणि त्याचा जन्म 15 ऑगस्टचा मानतात. दोन्ही आपल्या झेंडावंदनाचे दिवस! रायण्णा कानडी, आपण मराठी, त्यावरून मोठी माणसं अधूनमधून भांडतात. तुम्ही त्यात पडू नका. आज्जी त्याच्यापुढं हात जोडताना भाषा विचारत नाही.

आमच्या लहानपणी 15 ऑगस्ट म्हणजे धो धो पाऊस. पांढरा शर्ट रात्री चुलीजवळ वाळत घालायचा, सकाळी तांब्यात निखारे घालून इस्त्री करायची. इस्त्री कडक, पण अंगाला धुराचा वास. कॅनव्हासच्या बुटांना खडू फासायचा आणि प्रभातफेरी तिठ्यावर पोचेपर्यंत तो वाहून जायचा. आवाज मात्र सगळ्यांचा बसलेला असायचा. मग शाळेत उप्पीट आणि लिमलेटची गोळी. भाषणं कुणी केली, काय केली, एक शब्द आठवत नाही. म्हणून आज्जीला सांगतो, सोन्याला भाषण पाठ करायला लावू नका. पाच वर्षांच्या पोराला काम द्या, त्यात ते रमतं.

काम आहेच. 15 ऑगस्टला झेंडा खालून दोरीनं वर चढवतात, पण 26 जानेवारीला तो आधीच वर बांधलेला असतो, दोरी ओढली की उलगडतो. त्याच्या घडीत पाकळ्या कुणीतरी आधी भरायला लागतात की नाही? तर जानेवारीत परसातल्या झेंडूच्या पाकळ्या सोडवून मास्तरांकडं नेऊन द्यायच्या, हे सोन्याचं काम. ओल्या न्यायच्या नाहीत, घडीत चिकटून बसतात.

चिऊ, तुझं काम वेगळं. शेजारच्या धारवाड जिल्ह्यात गरगला खादीचं कापड विणतात आणि हुबळीच्या बेंगेरीत खादीचे झेंडे शिवतात. शाळेचा झेंडा खादीचा आहे की पॉलिस्टरचा, मास्तरांना विचार आणि मला कळव. चक्राच्या आऱ्या मोज, 24 भरल्या पाहिजेत.

आणि रस्त्यात पडलेले कागदी झेंडे दोघांनी गोळा करून आज्जीकडं द्या.

लिमलेटची गोळी सोन्याला अख्खी देऊ नकोस, फोडून दे.

तुमचा पप्पा