पावसाळ्यातले बजी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

जून ते सप्टेंबर हा गोव्यात बजी (बजरीगर, पिंजऱ्यात पाळायचा छोटा परदेशी पोपट) पाळणाऱ्यांसाठी सर्वांत अवघड काळ. या अंकासाठी आलेल्या बहुतेक पत्रांचे मूळ तिथेच आहे. म्हणून पहिल्या उत्तराला जास्त जागा दिली आहे. तुमचा प्रश्न वेगळा असला तरी ते वाचावे.

आमचा पिंजरा बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) टांगलेला असतो. गेल्या पावसात महिन्याभरात दोन बजी मेले. वाटीत दाणे भरलेले असायचे, पाणी रोज बदलत होतो. मेलेला पक्षी हातात घेतला तर अगदीच हलका लागला. यंदा काय काळजी घ्यावी? (एक वाचक, फोंडा)

पक्षी हलका लागला, ही तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एका रात्रीत कुठलाच पक्षी हलका होत नाही. तो आठ-पंधरा दिवस झिजत असणार आणि पिसे फुलवून बसल्यामुळे ते कळले नसणार. बजी दुखणे शेवटपर्यंत लपवतो. रानात थव्यातला जो आजारी दिसतो, तोच आधी ससाण्याच्या तावडीत सापडतो.

आधी वाटी बघा. बजी दाणा सोलून खातो आणि टरफल वाटीतच टाकतो. वरून वाटी भरलेली दिसते, पण बोट घालून ढवळले की आत नुसता फोलपटांचा थर असतो. ‘दाणे होते तरी मेला’ या तक्रारीत पुष्कळदा हेच घडलेले असते. रोज सकाळी वाटीवर हलकी फुंकर मारून टरफले उडवा आणि ताजे दाणे घाला. एका पक्ष्याला दिवसाला साधारण दोन छोटे चमचे पुरतात.

दुसरी गोष्ट दाण्यांची. राळा, बाजरी, वरी, नाचणी हे सगळे धान्य आपल्याकडच्या हवेत ओल धरते. कुबट वास आला किंवा दाणे एकमेकांना चिकटू लागले, की ती पिशवी टाकून द्यावी. धुऊन, उन्हात घालून किंवा तव्यावर शेकून बुरशी वरवर गेलेली दिसते, पण तिने सोडलेले विष दाण्यात तसेच राहते आणि पक्ष्याचे यकृत खराब करते. पावसात जोडीसाठी एका वेळी अर्ध्या किलोपेक्षा जास्त दाणे आणू नका. आणल्यावर पिशवी घट्ट बांधून तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे किडे आणि त्यांची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्णपणे खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. ही घाई केली की थंड दाण्यांवर दव धरते आणि सगळी मेहनत फुकट जाते. मग कोरड्या काचेच्या बरणीत भरा. दाणे ताजे आहेत का याची शंका असेल तर पन्नास दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. तीन दिवसांत चाळीसच्या आसपास दाण्यांना मोड यावेत. निम्म्यांनाही मोड आले नाहीत तर तो माल जुना समजावा.

तिसरी शक्यता रोगाची. पक्षी दिवसभर वाटीपाशी असतो, तरी वाळत जातो. डोक्यावरची पिसे ओकारीने चिकट होतात. विष्ठेत न पचलेले दाणे दिसतात. अशी लक्षणे असतील तर जठरातल्या मॅक्रोऱ्हॅब्डस या बुरशीचा संशय घ्यावा. तिची तपासणी ताज्या विष्ठेवरून सूक्ष्मदर्शकाखाली होते आणि औषध पशुवैद्यच देऊ शकतो. दुकानातून आणलेली अँटिबायोटिकची पूड पाण्यात घातली तर बुरशीला उलट मोकळे रान मिळते.

बाल्कांव उन्हाळ्यात उत्तम, पावसात नाही. झड आत येते, दाणे भिजतात, खालचा कागद ओला राहतो. पिंजरा आतल्या भिंतीला लागून, आपल्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, म्हणजे एक बाजू बंद राहते आणि पक्ष्याला सुरक्षित वाटते. वारा खेळता हवा, पण थेट झोत नको. पिंजऱ्याभोवती प्लास्टिक गुंडाळण्याची चाल आपल्याकडे फार आहे. त्याने पाऊस अडतो आणि ओल कोंडून राहते, म्हणून ते टाळाच. तळाला वाळूऐवजी वर्तमानपत्र घाला आणि रोज बदला.

एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा घरी असू द्या. घरच्या बजीचे वजन बहुधा ३० ते ४० ग्रॅम असते. दर रविवारी सकाळी, खाणे घालण्यापूर्वी, वजन वहीत लिहून ठेवा. पस्तीस ग्रॅमचा पक्षी साडेएकतीसवर आला म्हणजे दहा टक्के उतरला. तेव्हा वाट बघत बसू नये. काटा नसेल तर छातीवरून बोट फिरवा. मधले हाड दोन्ही बाजूंच्या मांसात बसलेले लागले तर ठीक, धारेसारखे टोचले तर पक्षी वाळतो आहे.

दुकानदाराने जोडी म्हणून दिली, वर्ष झाले तरी अंडी नाहीत. दोघांची भांडणेही होतात. (मडगाव)

चोचीच्या वरची, नाकपुड्यांभोवतीची कातडी उजेडात बघा. मोठ्या नराची ती एकसारखी निळी असते. मादीची फिकट पांढरट-निळी असते आणि अंड्यांवर आली की तपकिरी, खरखरीत होते. पिलांत फसगत जास्त होते. नर पिलाची कातडी गुलाबी-जांभळी असते; मादी पिलाची फिकट निळसर आणि नाकपुडीभोवती पांढरे कडे. ते पांढरे कडे दिसले की मादी, हे पक्के धरा. पिवळ्याधमक, लाल डोळ्यांच्या किंवा पूर्ण पांढऱ्या जातीच्या नराची कातडी मात्र मोठेपणीही गुलाबीच राहते.

तुमच्याकडे बहुधा दोन माद्या असाव्यात. सततची भांडणे त्यांच्यातच जास्त. दोघींना वेगळे करा. आणि पुढे कधी मोठ्या नराची निळी कातडी तपकिरी होऊ लागली तर वयामुळे झाली असेल असे म्हणून सोडून देऊ नका. वृषणातल्या गाठीचे ते लक्षण असू शकते.

मडक्यात पाच पिले झाली, त्यातल्या दोघांचे पाय बेडकासारखे बाजूला पसरले आहेत. शिवाय मुंग्यांनी हैराण केले आहे. (साखळी)

मातीच्या मडक्याचा तळ गुळगुळीत असतो. पिलू उभे राहू बघते, पाय घसरतात, वरून आईचे वजन पडते आणि मऊ हाडे त्याच स्थितीत वाढतात. आईला कॅल्शियम कमी पडले असेल तर हे लवकर होते. मडके टांगण्यापूर्वीच तळाला तीन सेंटिमीटर लाकडाचा भुसा घालायला हवा. सुताराकडचा रंध्याखालचा जाडसर भुसा घ्या. प्लायवूडचा नको, त्यात डिंकाची रसायने असतात.

पिले किती दिवसांची आहेत ते तुम्ही लिहिलेले नाही, आणि सगळे त्यावरच अवलंबून आहे. आठ ते पंधरा दिवसांच्या पिलाचे पाय बहुधा सरळ होतात. जखमेवर लावायची कागदी चिकटपट्टी चार मिलिमीटर रुंद कापा आणि दोन्ही पायांभोवती इंग्रजी आठच्या आकारात सैल गुंडाळा. पाय अंगाच्या बरोबर खाली यावेत, पण एकमेकांना टेकू नयेत. बोटे निळसर किंवा सुजलेली दिसली तर पट्टी लगेच काढा. पिलू रोज वाढते, म्हणून दर दोन दिवसांनी पट्टी बदला. आठवडा-दहा दिवसांत फरक दिसतो. तीन आठवड्यांनंतर हाडे घट्ट होतात, मग आशा कमी. पहिल्यांदाच करत असाल तर पशुवैद्याकडून एकदा बांधून घ्या आणि बघून शिका.

पिले हातात घ्याल तेव्हा बोटेही तपासा. विष्ठेचे वाळलेले गोळे नखांना चिकटलेले असतील तर ओढू नका, ओढले की नख किंवा बोटाचे टोकच निघते. कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटे पाय बुडवून ठेवा, गोळा आपोआप सुटतो. वरच्या चोचीच्या आतल्या बाजूला वाळलेले अन्न साचले असेल तर बोथट काडीने अलगद काढा, नाहीतर चोच वाकडी वाढते.

मुंग्यांसाठी पिंजरा चार पायांच्या घडवंचीवर ठेवून प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत ठेवा. पिंजरा टांगलेला असेल तर तारेवर व्हॅसलीनचा दोन बोटे रुंद पट्टा लावा आणि धूळ बसली की पुसून नवा लावा. मुंग्यांचा खडू किंवा पावडर पिंजऱ्याच्या आसपासही नको. आणि हा विण संपला की मडके काढून घ्या. बारा महिने मडके टांगून ठेवले तर मादी अंडी घालतच राहते आणि त्यातच खंगते. वर्षाला दोन विण पुष्कळ झाले. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्यासाठी चांगला काळ. मादी दहा-बारा महिन्यांची होण्यापूर्वी तर मडके दाखवूही नये.

मादी सकाळपासून तळाला फुगून बसली आहे, शेपूट वरखाली होते, पोट फुगलेले आहे. अंडे अडकले असेल का? (डिचोली)

तुमचे पत्र पोहोचेपर्यंत उशीर झालेला असणार, पण इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो. लक्षणे अंडे अडकल्याचीच आहेत. ही काही तासांतली आणीबाणी आहे. मादीला छोट्या खोक्यात घ्या, एका बाजूला फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवा. आतली ऊब तीस अंशांच्या आसपास असावी आणि जवळ ओले फडके असावे. पोट दाबू नका. अंडे आत फुटले की पक्षी वाचणे कठीण. दोन-तीन तासांत अंडे पडले नाही, किंवा मादी मान टाकू लागली, तर तशीच उबेत पशुवैद्याकडे न्या. कॅल्शियमची कमतरता आणि कमी वय ही नेहमीची कारणे.

काणकोणच्या किनाऱ्यावर पांढरी, होडीच्या आकाराची हाडे सापडतात. तीच दुकानात पैसे देऊन घेतो. ही चालतील का? (काणकोण)

चालतील. समुद्रफेस म्हणतात तो हाच. मात्र डांबराचे डाग पडलेली किंवा वास मारणारी हाडे उचलू नका. चांगली हाडे गोड्या पाण्यात तीन दिवस भिजत घाला, पाणी रोज बदला, म्हणजे मीठ निघून जाईल. मग दहा मिनिटे उकळा आणि कडक उन्हात खडखडीत वाळवा. मऊ बाजू पक्ष्याकडे करून तारेने पिंजऱ्याला बांधा. एप्रिल-मेमध्ये वर्षाचा साठा करून ठेवा, पावसात ती वाळणार नाहीत.

हिरव्या पाल्यात शेवग्याची पाने आणि कोथिंबीर सर्वांत चांगली. दाण्यांत नसलेले अ जीवनसत्त्व त्यातून मिळते. बसायला पेरूची बोटाएवढी फांदी द्या. आंबा आणि काजूची ओली फांदी चिकामुळे टाळा. कण्हेर विषारी आहे, तिचे पानही नको.

चोचीवर आणि नाकाभोवती पांढरे, भोके पडल्यासारखे खवले आले आहेत. शेजारी रॉकेल लावायला सांगतात. (पेडणे)

रॉकेल लावू नका. ते कातडीतून आणि श्वासातून अंगात जाते आणि पक्षी विषबाधेने मरतो. हे खवले कातडीत बिळे करणाऱ्या सूक्ष्म माइटचे आहेत. आयव्हरमेक्टिन हे त्यावरचे औषध, पण मात्रा पक्ष्याच्या वजनावर ठरते. पस्तीस ग्रॅमच्या जिवाला एक थेंब जास्त झाला तरी महागात पडतो, म्हणून ते पशुवैद्याच्या हातूनच द्यावे. साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा द्यावे लागते. पिंजऱ्यातल्या सगळ्या पक्ष्यांवर एकाच वेळी उपचार करा आणि लाकडी काठ्या टाकून नव्या घाला. वेळेत केले तर पूर्ण बरे होते. सोडून दिले तर चोच कायमची वेडीवाकडी वाढते. पुढच्या वेळी नवा पक्षी आणलात तर त्याला तीस दिवस वेगळ्या खोलीत ठेवा.

चवथीला फटाके आणि नरकासुराच्या रात्री मोठे आवाज असतात. बजी घाबरून पिंजऱ्यावर आपटतो. (म्हापसा)

अंधारात दचकला की तो दिशाहीन उडतो. पिंजरा आतल्या खोलीत घ्या, तीन बाजूंनी सुती कापड टाका, चौथी उघडी ठेवा आणि एक मंद दिवा रात्रभर लावून ठेवा. बारीक पंख्याचा सततचा आवाज असला तर बाहेरचा धक्का कमी जाणवतो. सकाळी पंख तपासा. नख किंवा पिसाच्या मुळातून रक्त येत असेल तर मक्याचे पीठ चिमटीत घेऊन दाबून धरा. पाच मिनिटांत थांबले नाही तर पशुवैद्य.

चवथीच्या दिवसांत स्वयंपाकघर दिवसभर चालू असते, म्हणून आणखी एक सांगतो. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या वाफेने बजी काही मिनिटांत मरतो. माणसाला वासही येत नाही. पिंजरा स्वयंपाकघरात किंवा त्याच्या दारासमोर कधीच नको. धूप, मच्छर अगरबत्ती, सोडणांचा (नारळाच्या सालींचा) धूर हेही त्याच्या फुफ्फुसांना सोसत नाही. डासांसाठी पिंजऱ्यावर मच्छरदाणी टाका.

दोन्ही हिरव्यांच्या पोटी निळे पिलू कसे? (वास्को)

दोघांतही निळ्या रंगाचा गुण दबलेला आहे. अशा जोडीत सरासरी चारातले एक पिलू निळे होते. उलट मात्र होत नाही. दोन निळ्यांना हिरवे पिलू होत नाही.

रानातला कीर (पोपट) पाळला तर चालेल का? बजीसाठी परवाना लागतो का? (वाळपई)

कीर पकडणे, विकणे, पाळणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. घरट्यातून पडलेले पिलू सापडले तर वन खात्याला कळवा. बजी हा परदेशी आणि पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला पक्षी. तो साइट्सच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) यादीत नाही, त्यामुळे मकाव किंवा आफ्रिकन ग्रे या पोपटांसारखी त्याची नोंदणी करावी लागत नाही. पण कंटाळा आला म्हणून त्याला बाहेर सोडू नका. आपल्याकडचे खाणे त्याला शोधता येत नाही आणि कावळे त्याला दोन दिवसही टिकू देत नाहीत. ठेवायचा नसेल तर पाळणाऱ्या दुसऱ्या घरी द्या, आणि त्याच्या वजनाची वहीही सोबत द्या.